सिमेंटच्या पत्र्यांची छपरं उपग्रहचित्रांतून कशी शोधावीत

प्रश्न असा आहे: कोकण किनाऱ्यावरच्या एका नगरपरिषदेच्या हद्दीत सुमारे २० हजार छपरं आहेत. त्यांतली ॲस्बेस्टॉसची किती आणि कोणत्या प्रभागात, याची यादी पुढच्या पावसाळ्याआधी हवी आहे. घरोघर फिरायला माणसं नाहीत. उपग्रहचित्रं आणि एआय वापरून हे जमेल का? आणि ‘९५ टक्के अचूकता’ देऊ म्हणणाऱ्या कंपनीवर किती विसंबावं?

जमेल. मात्र हातात काय येणार, ते आधी नेमकं समजून घ्या. वरून घेतलेल्या चित्रात एआय मॉडेलला सिमेंटचा पन्हाळी पत्रा ओळखता येतो. त्या पत्र्यात ॲस्बेस्टॉसचा धागा आहे की नाही, हे त्याला दिसत नाही. तो निकाल पत्र्याच्या खालच्या अंगावरच्या शिक्क्यावरून लागतो किंवा प्रयोगशाळेतून. उपग्रहातून मिळते ती संशयित छपरांची यादी. वीस हजारांऐवजी चार-साडेचार हजार छपरं तपासावी लागणं ही बचत मोठी आहे, आणि मनुष्यबळ नसलेल्या नगरपरिषदेसाठी तीच खरी कमाई.

आपल्याकडच्या राखाडी पन्हाळी पत्र्यात वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास क्रायसोटाइल, म्हणजे पांढरा ॲस्बेस्टॉस असतो. बाकी सिमेंट, फ्लाय ॲश आणि थोडा लगदा. सर्व प्रकारच्या ॲस्बेस्टॉसमुळे माणसाला कर्करोग होतो, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा स्पष्ट निष्कर्ष आहे. धागा छातीत गेल्यापासून आजार दिसेपर्यंत २० ते ५० वर्षं जाऊ शकतात. इटलीने १९९२ मध्ये, पोलंडने १९९७ मध्ये, ऑस्ट्रेलियाने २००३ च्या अखेरीस बंदी घातली. त्यामुळे त्या देशांत घराचं वय हाच मोठा पुरावा ठरतो: बंदीनंतरचं घर यादीतून सरळ वगळता येतं. भारतात परदेशातून आणलेल्या धाग्यापासून असा पत्रा बनवायला आणि विकायला आजही मुभा आहे. म्हणून इथे गेल्या महिन्यात चढवलेला कोरा पत्राही संशयितच धरायचा. बाहेरचं तयार मॉडेल आणून इथे चालवण्यातली ही पहिली अडचण.

पिक्सेल केवढा हवा

पूर्ण पन्हाळीच्या पत्र्यात एका पन्हाळीपासून पुढच्या पन्हाळीपर्यंतचं अंतर १४६ मिमी आणि खोली ४८ मिमी असते. अशी नक्षी चित्रात उमटायची तर एका पन्हाळीवर किमान दोन पिक्सेल, म्हणजे चित्राचे सर्वांत लहान ठिपके, पडायला हवेत. म्हणजे ७ सेंमीचा पिक्सेल ही कागदावरची मर्यादा झाली. व्यवहारात ३ ते ५ सेंमी लागतात. वर्ल्डव्ह्यू-३ या उपग्रहाचा कृष्णधवल पिक्सेल ३१ सेंमीचा आहे. इस्रोचा नोव्हेंबर २०१९ मध्ये सोडलेला कार्टोसॅट-३ त्याहून किंचित बारीक पाहतो. पण रंगीत पट्ट्यांचा पिक्सेल दोन्हीकडे मीटरच्या वर. तेव्हा उपग्रहाला पन्हाळ दिसत नाही. ३३८ मिमी अंतराचा निम-पन्हाळी पत्रासुद्धा नाही. ‘आमचं एआय पन्हाळी मोजतं’ असं कुणी म्हणालं, तर ते ड्रोनबद्दल बोलत आहेत की उपग्रहाबद्दल, हे आधी विचारा.

मग तीस सेंमीत काय दिसतं? पत्र्यांच्या लांब्या दीड ते तीन मीटर. वरचा पत्रा खालच्यावर साधारण १५ सेंमी चढतो. या चढीपाशी धूळ अडते, ओल टिकते आणि शेवाळ धरतं. कोकणातल्या चार-पाच पावसाळ्यांनंतर छपरावर उताराला काटकोनात, आढ्याला समांतर असे काळपट पट्टे उमटतात. दोन पट्ट्यांतलं अंतर मोजलं तर ते साधारण १.३५ ते २.८५ मीटर भरतं. जस्ती पत्र्यावर तसं शेवाळ धरत नाही. तो खिळ्यांच्या ओळीपासून तांबूस होत जातो. रंगीत धातूचा पत्रा बहुधा वळचणीपासून आढ्यापर्यंत सलग असतो, मधे जोडच नसतो. आणखी एक खूण फार उपयोगी: फुटलेला एखादाच पत्रा बदललेला असेल, तर काळ्या छपरात एक मीटर रुंदीचा उजळ आयत ठिगळासारखा दिसतो. अशी ठिगळं सिमेंटच्या पत्र्यावरच जास्त, कारण तो एकेक करून फुटतो.

सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाची फुकट मिळणारी चित्रं घरांसाठी वापरू नका. त्याचा बारीकात बारीक पिक्सेल १० मीटरचा, म्हणजे १०० चौरस मीटरचा. त्यात दोन-तीन घरं, अंगण आणि माडाचे शेंडे एकत्र मिसळतात. औद्योगिक वसाहतीतल्या मोठ्या शेडपुरता त्याचा उपयोग आहे.

चित्र मागवताना

सर्वांत महागात पडणारी चूक इथे होते. डोळ्याला छान दिसतं म्हणून ८ बिटचं (छटा कमी केलेलं), रंग जुळवलेलं, आधीच धारदार केलेलं नैसर्गिक रंगातलं चित्र घेतलं जातं. त्यात मूळ परावर्तनाची मोजमापं उरलेली नसतात आणि जवळ-अवरक्त पट्टा (लाल रंगापलीकडचा, डोळ्याला न दिसणारा प्रकाश) तर नसतोच. मागणीपत्रात स्पष्ट लिहा: कृष्णधवल आणि बहुपट्टी फाइली वेगवेगळ्या, १६ बिट साठवण, जवळ-अवरक्त पट्ट्यासह, भू-उंचीची दुरुस्ती केलेल्या. धारदार करण्याचं काम तुम्ही स्वतः करा, तेही फक्त पोत पाहण्यासाठी. रंगपट्ट्यांची गुणोत्तरं मूळ फाइलीवरूनच काढा. इंटरनेटवरच्या नकाशांचे स्क्रीनशॉट गोळा करून मॉडेल शिकवण्याच्या फंदात पडू नका. परवान्याच्या अटी त्याला मुभा देत नाहीत. शिवाय शेजारशेजारचे तुकडे वेगवेगळ्या वर्षांचे असतात.

कॅमेऱ्याचा सरळ खाली पाहण्यापासूनचा कल २० अंशांच्या आत मागा. २० अंशांवर ९ मीटर उंच इमारतीचा माथा चित्रात ३.३ मीटर सरकतो, आणि नकाशातल्या घराच्या रेषेत शेजारच्याचं छप्पर येतं. बैठ्या घरांना याचा त्रास कमी. हद्द लहान असली तरी बहुतेक विक्रेते जुन्या साठ्यातलं चित्रसुद्धा साधारण २५ चौरस किमीच्या खाली देत नाहीत, हेही अंदाजपत्रकात धरा.

चित्रं दोन घ्या: एक नोव्हेंबर-डिसेंबरातलं, एक मार्च-एप्रिलातलं. नोव्हेंबरात पावसाळ्याचं शेवाळ ताजं असतं आणि सिमेंटचा पत्रा धातूपासून वेगळा उठून दिसतो. पण डिसेंबरात कोकणात भर दुपारीही सूर्य ४८-४९ अंशांवरच असतो. उपग्रह सकाळी साडेदहा-अकराला जातो, तेव्हा तो आणखी खाली. बाजारपेठेतल्या अरुंद आळ्यांत उंच इमारतींची सावली शेजारची छपरं गिळते. एप्रिलच्या चित्रात ही सावली निम्म्याहून कमी होते. दोन तारखांचा दुसरा फायदा त्याहून मोठा आहे. धातूचा पत्रा आरशासारखा वागतो; सूर्य आणि कॅमेऱ्याचा कोन बदलला की त्याची चमक एकदम वाढते किंवा मरते. सिमेंटचा पत्रा सगळीकडे सारखाच मळकट दिसतो. दोन्ही चित्रं एका मापावर आणून प्रत्येक छपराच्या उजळपणातला फरक काढा. हा एकच आकडा मॉडेलला दिला, तरी जुना निस्तेज जस्ती पत्रा आणि सिमेंटचा पत्रा यांतला घोळ बराच कमी होतो. मेच्या मध्यानंतरचं चित्र घेऊ नका. तोवर निम्म्या गळक्या छपरांवर निळी ताडपत्री चढलेली असते, आणि गळकी छपरं हीच तर तुम्हाला हवी आहेत.

हद्दीत नव्याने समाविष्ट झालेली गावं असतील, तर त्यांच्या गावठाणांची स्वामित्व योजनेतली ड्रोनचित्रं भूमी अभिलेख विभागाकडे मागून पाहा. त्यांचा पिक्सेल ५ सेंमीचा असतो आणि त्यात पन्हाळ दिसते. स्वतः ड्रोन उडवायचा तर ग्रीन झोनमध्ये (जिथे उड्डाणाला वेगळी परवानगी लागत नाही) १२० मीटरपर्यंत उडवता येतो, आणि तेवढ्या उंचीवरून ३-४ सेंमी सहज मिळतात. आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-नकाशावर विमानतळापासूनचं अंतर तपासा. पूर्ण शहर ड्रोनने करण्यापेक्षा उपग्रहचित्रावर मॉडेल अडखळतं तेवढेच प्रभाग ड्रोनने करा.

अवरक्त पट्ट्यांची लालूच

क्रायसोटाइलला स्वतःची वर्णपटीय सही आहे. त्यातल्या मॅग्नेशियम-हायड्रॉक्सिल बंधामुळे २.३२ मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास प्रकाश शोषला जातो. दुसरी सही १.३८ मायक्रॉनला आहे, पण तिथे हवेतली वाफ सगळा प्रकाश खाते, म्हणून उपग्रहाच्या कामाची नाही. इटलीत १०२ पट्ट्यांचा मिव्हिस हा संवेदक विमानावर बसवून या पद्धतीने छपरांचे नकाशे केले गेले. पत्रा जसजसा झिजतो, सिमेंट धुऊन जातं आणि धागे उघडे पडतात, तसतसा २.३२ चा खड्डा, म्हणजे तिथे परतणाऱ्या प्रकाशातली तूट, खोल होतो. त्यावरून पत्र्याची झीजही अंदाजता येते. तत्त्व भक्कम आहे.

घात पिक्सेलचा होतो. वर्ल्डव्ह्यू-३ च्या लघुतरंग अवरक्त पट्ट्यांचा पिक्सेल ३.७ मीटरचा, म्हणजे पावणेचौदा चौरस मीटर. चाळीतली दहा बाय बाराची खोली ११ चौरस मीटरची. एका पिक्सेलमध्ये तुमचं छप्पर, शेजाऱ्याचं छप्पर आणि मधली गल्ली. शेवटचा, म्हणजे आठवा पट्टा २२९५ ते २३६५ नॅनोमीटर (२.२९५ ते २.३६५ मायक्रॉन) इतका रुंद आहे. क्रायसोटाइलचा खड्डा त्यातच, कॅल्साइटचा (जुन्या काँक्रीटमधल्या चुन्याच्या खनिजाचा) २३४० च्या आसपासचा त्यातच, आणि प्लास्टिक-रंगांचा २३१० च्या आसपासचाही त्यातच. एक युक्ती इथे उपयोगी पडते. प्लास्टिक, ताडपत्री आणि तैलरंग १.७३ मायक्रॉनलाही शोषतात आणि त्या जागी या उपग्रहाचा चौथा लघुतरंग पट्टा आहे. चौथा आणि आठवा दोन्ही खाली गेले तर ते प्लास्टिक किंवा रंग समजा. फक्त आठवा गेला तर सिमेंटचा पत्रा किंवा जुनं काँक्रीट. शंभर चौरस मीटरच्या वरच्या शेड, गोदामं, बर्फाचे कारखाने, शाळा यांच्यासाठी हा खर्च करावा. वस्तीसाठी करू नये.

३० मीटर पिक्सेलचे अतिवर्णपटीय (हायपरस्पेक्ट्रल) उपग्रह, म्हणजे आपला हायसिस, इटलीचा प्रिस्मा, जर्मनीचा एनमॅप, या कामाला लावता येत नाहीत. त्यांच्याकडे पट्टे शेकड्यांनी आहेत, पण एका पिक्सेलमध्ये अख्खी आळी येते.

वर्ग, खुणा आणि शिकवणी

वर्ग दोनच ठेवले, ‘ॲस्बेस्टॉस’ आणि ‘इतर’, तर मॉडेल ‘इतर’ म्हणजे काय ते कधीच नीट शिकत नाही. सात वर्ग ठेवा: सिमेंटचा पत्रा, जस्ती किंवा गंजलेला पत्रा, रंगीत धातूचा पत्रा, कौल, स्लॅब, ताडपत्री-प्लास्टिक, आणि सातवा ‘सांगता येत नाही’. किनारपट्टीवर सातवा वर्ग अत्यावश्यक आहे. माड-पोफळीच्या वाड्यांत निम्मं छप्पर झावळ्यांखाली असतं. आंबा-फणस बारमाही हिरवे, म्हणून ऋतू बदलूनही ते उघडं पडत नाही. अशा छपराला मॉडेलने ‘नाही’ म्हणणं आणि ‘दिसत नाही’ म्हणणं यांत फार फरक आहे. वाड्यांच्या प्रभागात पायी सर्वेक्षणाला पर्याय नाही, हे आधीच लिहून ठेवा.

गोंधळाच्या जागा ठरलेल्या आहेत. जुना स्लॅब सिमेंटच्या पत्र्यासारखाच राखाडी-काळा दिसतो. कठड्याची सावली आणि पाण्याची टाकी यांवरून तो ओळखता येतो. पत्र्याच्या छपराला आढं असतं, म्हणून एक पाख उजळ आणि एक काळोखा असे दोन भाग दिसतात. खरी डोकेदुखी रंगवलेल्या पत्र्याची. उष्णतेसाठी पांढरा किंवा गळतीसाठी चंदेरी लेप मारलेला सिमेंटचा पत्रा वरून धातूसारखा दिसतो आणि मॉडेल त्याला बेधडक सोडून देतं. कोकणात गळतीपायी स्लॅबवर पत्र्याची शेड घालायची पद्धत आहे. तिच्यामुळे उलटं होतं: तीन मजली पक्क्या इमारतीवरही सिमेंटचा पत्रा सापडतो आणि तपासनीस ‘ही तर स्लॅबची इमारत’ म्हणून खालूनच परत जातो.

घरांच्या रेषांसाठी गुगलच्या ओपन बिल्डिंग्ज संचापासून सुरुवात करता येते. भारत त्यात आहे. सुट्या घरांना तो बरा चालतो. दाट वस्तीत दहा छपरांचा एकच ठोकळा करतो. तिथल्या रेषा हाताने तोडाव्या लागतात. म्हणून ‘एक घर, एक उत्तर’ अशा मॉडेलपेक्षा पिक्सेलनिहाय रंगवणारं मॉडेल घ्या. साधं यू-नेट (प्रत्येक पिक्सेलचा वर्ग सांगणारी मॉडेलची रचना), रेझनेट-३४ या आधीच चित्रांवर शिकलेल्या जाळ्याचा पाया, २५६ बाय २५६ पिक्सेलचे तुकडे. ८-१२ जीबीच्या एका ग्राफिक्स कार्डावर काही तासांत शिकून होतं. नंतर घरानिहाय निकाल काढताना बहुमत घेऊ नका. आपल्याकडे पुढची खोली स्लॅबची, आणि मागची पडवी, स्वयंपाकघर किंवा मोरी पत्र्याची असते. बहुमतात ती पडवी हरवते. घराच्या रेषेत ६ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ६७ पिक्सेल, सिमेंटचा पत्रा निघाला की घर यादीत घ्या.

शिकवणीसाठी किमान दीड हजार छपरं जमिनीवर जाऊन खात्री केलेली हवीत. दोघा-दोघांच्या दोन तुकड्यांनी दिवसाला साठ-साठ केली तर तेरा दिवसांचं काम. संगणकासमोर बसून अंदाजाने खुणा केल्या, तर मॉडेल तुमचाच अंदाज परत शिकतं आणि चाचणीत त्याच अंदाजाशी जुळून उत्तम गुण मिळवतं. प्रत्येक प्रभागातून घ्या, एकाच सोयीच्या आळीतून नको. छायाचित्रासाठी शेजारच्या गच्चीवर जा. पत्र्यावर पाय ठेवू नका. सिमेंटचा पत्रा ठिसूळ असतो, माणसाच्या वजनाने अचानक फुटतो, आणि त्यातून पडून जीव जातो.

शिकवताना चित्र फिरवणं, उलटवणं चालेल. रंगछटा मात्र ढवळू नका. छटा हाच इथला पुरावा आहे. उजळपणात दहा टक्के हेलकावा पुरे.

चाचणीचे प्रभाग पूर्ण वेगळे ठेवा. सगळी छपरं एकत्र कालवून त्यातली वीस टक्के चाचणीला काढली, तर एकाच चाळीची तीन छपरं शिकवणीत आणि चौथं चाचणीत जातं, आणि आकडा फुगतो. ‘९५ टक्के’ बहुधा इथून येतात. कंपनीला एकच प्रश्न विचारा: मॉडेलने कधीच न पाहिलेल्या प्रभागात काय झालं?

आणखी एक तपासणी कराच. छपराभोवतालचा सगळा भाग काळा करून मॉडेल पुन्हा चालवा. अचूकता खूप घसरली, तर मॉडेल पत्रा ओळखत नव्हतं. अरुंद गल्ल्या आणि दाटीवाटी पाहून ‘गरीब वस्ती, म्हणजे सिमेंटचा पत्रा’ असा अंदाज बांधत होतं. असं मॉडेल झोपडपट्टीतल्या जस्ती पत्र्यावर ठपका ठेवतं आणि शाळेच्या, दवाखान्याच्या सिमेंटच्या पत्र्याला मोकळं सोडतं. ज्यांच्याकडे दाद मागायची ताकद कमी, त्यांच्याच दारावर चुकीची खूण पडते. ही चूक खपवून घेऊ नये.

पोलंडमध्ये २०३२ पर्यंत देशातलं सगळं ॲस्बेस्टॉस काढण्याचा सरकारी कार्यक्रम आहे आणि तिथे २५ सेंमीच्या हवाई चित्रांवर अशीच मॉडेलं वापरून पाहिली गेली. ती उचलून इथे चालवली तर फसतात. तिथला सूर्य खालचा, छपरांचे उतार तीव्र, पत्र्यावर शेवाळही निराळं. पाया म्हणून घ्या. शिकवणी इथल्या छपरांवरच.

९५ टक्क्यांचा हिशेब

समजा २० हजारांपैकी १५ टक्के, म्हणजे ३,००० छपरं खरोखर सिमेंटच्या पत्र्याची आहेत. मॉडेल खऱ्यातली ९० टक्के पकडतं आणि इतरांपैकी ९० टक्के बरोबर सोडतं. ३,००० पैकी २,७०० सापडली, ३०० निसटली. उरलेल्या १७,००० पैकी १० टक्के, म्हणजे १,७०० वर चुकीचं बोट. यादी झाली ४,४०० ची, त्यांतली खरी ६१ टक्के. तेच मॉडेल, तेवढीच २० हजार छपरं, पण सिमेंटचे पत्रे फक्त ३ टक्के असलेलं शहर घ्या: खरी ६००, सापडली ५४०, चुकीची १,९४०. यादीतलं जेमतेम पाचातलं एक खरं. मॉडेलमध्ये तसूभरही बदल झालेला नाही. म्हणून एकच ‘अचूकता’ ऐकून ठराव करू नका. यादीतली किती खरी आणि खऱ्यातली किती यादीत, हे दोन आकडे प्रभागनिहाय मागा.

एकूण संख्या जाहीर करताना मॉडेलची मोजणी जशीच्या तशी देऊ नका. यादीतल्या ४,४०० मधून चिठ्ठ्या टाकून २०० छपरं निवडा, यादीबाहेरच्या १५,६०० मधून ४००. ती प्रत्यक्ष तपासा. समजा यादीतल्या २०० पैकी १२२ निघाली आणि बाहेरच्या ४०० पैकी ८. मग ४,४०० चे ६१ टक्के म्हणजे २,६८४, अधिक १५,६०० चे २ टक्के म्हणजे ३१२. एकूण सुमारे ३,०००, कमी-जास्त ३७०. ६०० छपरांच्या तपासणीत सबंध शहराचा आकडा त्याच्या चुकीसकट हातात येतो. अंदाजपत्रकासाठी एवढं पुरतं. यादीबाहेरची ४०० तपासायचा कंटाळा केला, तर निसटलेल्यांचा पत्ता कधीच लागत नाही.

दारात गेल्यावर

सर्वांत स्वस्त चाचणी घराच्या आत आहे. आत उभं राहून वर पाहा. पत्र्याच्या खालच्या अंगावर उत्पादकाचं नाव आणि भारतीय मानकाचा क्रमांक छापलेला असतो. ‘आयएस ४५९’ असेल तर विषय संपला. ते मानकच ॲस्बेस्टॉस-सिमेंटच्या पन्हाळी पत्र्याचं आहे. ‘आयएस १४८७१’ असेल तर इतर धाग्यांचा फायबर-सिमेंट पत्रा. विजेरी तिरकी धरा, सरळ उजेडात पुसट शिक्का दिसत नाही. चुलीच्या धुराने काळवंडलेल्या स्वयंपाकघरात पाहण्याऐवजी पडवीचा पत्रा पाहा. शिक्का सापडला की फोटो, पत्ता, तारीख.

शिक्का नसेल तरच नमुना. धडधाकट पत्रा फोडायचा नाही, भोक पाडायचं नाही, घासायचा तर मुळीच नाही. आधीच तुटलेला कोपरा शोधा, साबणाच्या दोन थेंबांचं पाणी फवारून ओला करा, नखाएवढा तुकडा चिमट्याने उचला, झिपच्या पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत. तोंडावर एफएफपी-३ दर्जाचा मास्क. कापडी रुमाल निरुपयोगी आहे. तुटलेली कड रंगाने किंवा चिकटपट्टीने बंद करा. तपासणी ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली होते. एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेली प्रयोगशाळा निवडा.

घरच्यांना काय सांगायचं, हे तुकड्यांना आधी शिकवा. अखंड, न हललेला पत्रा डोक्यावर आहे म्हणून आज रात्री घर सोडायची गरज नाही. तो कापणं, ड्रिल मारणं, तारेच्या ब्रशने शेवाळ खरवडणं आणि घणाने फोडून उतरवणं धोक्याचं आहे. वळचणीखाली पागोळ्या पडतात तिथल्या मातीत झिजलेल्या पत्र्याचे धागे साचतात. मुलांनी तिथे खेळू नये आणि ती माती सुकी झाडू नये. घरानिहाय नकाशा जाहीर करू नका, प्रभागाची बेरीज जाहीर करा. घाबरलेला माणूस एका रविवारी पत्रे फोडून ओढ्यात टाकतो.

हा नकाशा वादळाच्या आधी तयार असणं का महत्त्वाचं, ते ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडच्या किनाऱ्याने पाहिलं. उडालेला जस्ती पत्रा वाकतो. उडालेला सिमेंटचा पत्रा चुरा होतो, आणि मग लोक तो उघड्या हातांनी गोळा करतात. कोणत्या आळीत सिमेंटचे पत्रे किती, हे आधी माहीत असेल तर मास्क, पाण्याची फवारणी आणि जाड प्लास्टिक पहिल्या दिवशी तिथे पोचवता येतं. वजनाचा अंदाज असा: ४० चौरस मीटरचं छप्पर, १५ अंशांच्या उतारामुळे ४१.४, पत्र्यांच्या चढीमुळे आणखी १२ टक्के, म्हणजे ४६ च्या वर. चौरस मीटरला १३ किलो धरले तर एका घराचे ६०० किलो. ३,००० घरांचे १,८०० टन. हा माल नगरपरिषदेच्या कचरा डेपोवर जाता कामा नये. राज्यात धोकादायक कचऱ्याची केंद्रं तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरीला आहेत. वाहतुकीचा खर्च आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाशी पत्रव्यवहार आत्ताच सुरू करा.

छपराशिवायचं ॲस्बेस्टॉस आकाशातून दिसत नाही. जुन्या पाणीयोजनांतले ‘एसी पाइप’, म्हणजे ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे नळ, जमिनीखाली आहेत. त्यांच्यासाठी पाणीपुरवठा विभागाची जुनी मोजमाप पुस्तकं उघडा.

यादीत प्रत्येक नोंदीपुढे चित्राची तारीख लिहा आणि दर नोव्हेंबरात एकच नवं चित्र घेऊन फक्त बदललेली छपरं काढा. त्यांत ज्या घरावर गेल्या वर्षी सिमेंटचा पत्रा होता आणि आता निळा-लाल धातूचा पत्रा आहे, त्या घरी सर्वांत आधी माणूस पाठवा. छप्पर सुधारलं म्हणून ते नाव यादीतून खोडू नका. तिथून सहाशे किलो पत्रा खाली उतरला आहे. तो गोठ्यावर चढला, परसात रचला, की फोडून रस्त्याच्या भरावात गेला, हे विचारून लिहून घ्या.